बाबा मला सांगत नाहीत ते रोबोला सांगतात

प्रिय ताई,

माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून एकटेच राहतात. मी त्याच शहरात असते, पण नोकरी आणि घर सांभाळून आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा जाणं होतं. परदेशातल्या भावाने त्यांच्यासाठी बोलणारा रोबो पाठवलाय. टेबलावर असतो, मान वळवून बघतो, गोळ्यांची आठवण करतो, गप्पा मारतो. परवा मी दार उघडून आत शिरले तर बाबा त्याला सांगत होते, "रात्री बाथरूमला जाताना पाय लटपटतात रे, पडेन की काय असं वाटतं." मला मात्र रोज फोनवर "ठणठणीत आहे" म्हणतात. मला रडूच आलं. भाऊ म्हणतो, यात वाईट काय, पुढे सगळं रोबोच करणार आहेत. मला त्या यंत्राची भीती वाटते आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटतो. काढून टाकू का ते घरातून?

— एक मुलगी

प्रिय मैत्रीण,

काढू नका. निदान बाबांना न विचारता तर नाहीच.

तुम्ही दारात जे ऐकलंत ते जिव्हारी लागणारंच होतं. पण बाबांच्या बाजूने एकदा बघा. पाय लटपटतात असं तुम्हाला सांगितलं की पुढे काय होणार, हे त्यांना पाठ असणार. तुमचा आवाज बदलेल, भावाला फोन जाईल, डॉक्टरांची वेळ घेतली जाईल आणि मग "आता एकटं राहू नका" हा विषय निघेल. रोबोला सांगितलं तर यातलं काहीच होत नाही. तो घाबरत नाही, रात्रभर जागा राहत नाही. बाबा तुमची काळजी वाचवतायत आणि स्वतःचं घरही राखतायत.

यंत्रापाशी मन मोकळं करणं काही आजचं नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतले जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा, टाइप करून गप्पा मारता येणारा संगणक प्रोग्राम मांडला. समोरच्याचं वाक्य थोडं फिरवून प्रश्न म्हणून परत करायचं, एवढंच त्याला येत होतं. त्यांच्या सेक्रेटरीने तो तयार होताना कित्येक महिने पाहिला होता, आत काय आहे हे तिला ठाऊक होतं. तरी चार वाक्यं टाइप करून झाल्यावर तिने वायझेनबॉमना खोलीबाहेर जायला सांगितलं. वायझेनबॉम या प्रकाराने हादरले. मला मात्र त्या बाईंचं वागणं अगदी कळतं. मध्ये न बोलणारं, घाबरून न जाणारं कुणीतरी समोर हवं असतं, आणि घरच्या माणसांना नेमकं तेच सगळ्यात अवघड जातं.

म्हणून पुढच्या वेळी जाल तेव्हा सरळ सांगा, "बाबा, परवा आत येताना तुमचं बोलणं कानावर पडलं." लपवू नका. त्यानंतर गप्प बसा, आणि हे गप्प बसणंच खरं कठीण आहे. पहिल्या दहा मिनिटांत उपाय सुचवू नका, राहण्याच्या व्यवस्थेचं तर नावच काढू नका. ते बोलले की मग पलंगापासून बाथरूमपर्यंत त्यांच्याबरोबर चालून बघा. वाटेत रात्रभर मंद दिवा, भिंतीला धरायला दांडा, न घसरणारी चटई, एवढ्यानेही पडण्याचा धोका कमी होतो. डॉक्टरांना चालू गोळ्यांची यादी दाखवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उठल्याउठल्या तोल जातो.

यातलं एकही काम टेबलावरचा रोबो करू शकत नाही, आणि तुमच्या भावाला हे सांगायला हवं. यंत्रांना बुद्धिमत्तेच्या चाचण्या आणि पटावरचे खेळ जमतात, पण वर्षाच्या मुलासारखं बघणं आणि हिंडणं फार अवघड जातं, असं रोबोतज्ज्ञ हान्स मोराव्हेक यांनी १९८८ सालीच लिहून ठेवलंय. जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेने २०१५ मध्ये रुग्णाला पलंगावरून उचलणारा, अस्वलाच्या तोंडाचा रोबो दाखवला. तो स्वतः १४० किलोचा होता आणि प्रयोगापलीकडे गेला नाही. बाबा पडले तर तुमचा रोबो फार तर कुणाला तरी कळवेल. तेही करतो का, हे एकदा तपासून घ्या.

याचा अर्थ आशा धरू नये असा नाही. पारो नावाचा सीलच्या पिलासारखा रोबो मांडीवर घेतल्याने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अस्वस्थता कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. तुमच्याकडेही एक फायदा आत्ताच पदरात पडण्यासारखा आहे. तुमचे रोजचे फोन कशात जातात? गोळ्या घेतल्या का, जेवलात का, झोप झाली का. ही चौकशी रोबोवर सोपवा आणि तुम्ही बाबांशी दुसरं काहीतरी बोला. आईबद्दल बोला. तिचं नाव शेवटचं कधी निघालं होतं तुमच्यात?

भीतीचं म्हणाल तर ती रास्त आहे, फक्त तिची जागा वेगळी. रोबो बाबांना तुमच्यापासून तोडेल असं मला वाटत नाही. त्याचे कान आणि डोळे दुसऱ्या कुणाच्या मालकीचे आहेत, ही खरी काळजी. घर झाडणाऱ्या एका रोबोच्या चाचणीत टिपलेले घरातले खासगी फोटो, अगदी बाथरूममधलेसुद्धा, समाजमाध्यमांवर पोचल्याचं २०२२ मध्ये उघड झालं. यंत्राला शिकवण्यासाठी ते फोटो ज्यांना तपासायला दिले होते, त्यांच्यातूनच ते बाहेर पडले. दुसरी काळजी अशी की कंपनी बंद पडली तर सोबतीही जातो. जिबो नावाच्या घरगुती रोबोचे सर्व्हर २०१९ मध्ये बंद होणार म्हटल्यावर त्यानेच मालकांचा निरोप घेतला. २०२४ च्या डिसेंबरात मुलांसाठीच्या मॉक्सी रोबोची कंपनी बंद होत असल्याचं जाहीर झालं आणि आपला मित्र गप्प का होणार, हे लहान मुलांना समजावण्याची वेळ आईबापांवर आली. बाबांना हे आधीच माहीत असू दे.

रोबो भावाने पाठवलाय, तेव्हा ही चौकशीही त्यानेच करावी. बोलणं कुठे साठतं, पुसता येतं का, कॅमेरा बंद ठेवता येतो का, इंटरनेट गेलं तर काय चालू राहतं. झोपायची खोली आणि बाथरूम यांच्या आसपास तो नको. बाबांसमोर बसून, त्यांना विचारून हे ठरवा.

अशा रोबोंच्या ॲपमध्ये कधीकधी संभाषणाची नोंद दिसते. तुमच्याकडे तशी सोय असेल तर भाऊ म्हणेल, "बघ ना, बाबा काय काय बोलतात ते कळेल." तुम्हालाही मोह होईल, आणि तो काळजीपोटीच होईल. तरी उघडू नका. ती नोंद कुणी बघायची हे बाबांनाच ठरवू द्या, आणि ते "कुणीच नाही" म्हणाले तर त्यांच्यासमोरच ती बंद करून टाका.

तुमची,
ताई