यंत्र वाजते, पण काय सांगते?

वाचकांचे प्रश्न : मेटल डिटेक्टर

मेटल डिटेक्टरविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी निवडली आहेत. पहिल्या दोन पत्रांची उत्तरे लांबली आहेत, कारण नवख्या माणसाच्या बहुतेक अडचणी त्या दोन पत्रांतच आल्या आहेत.

राजापूर तालुक्यातून एक वाचिका विचारतात : घरच्या लग्नाच्या गडबडीत सासूबाईंची नथ परसात पडली. झाडून, हाताने चाचपून पाहिले, पण मिळाली नाही. मुलगा म्हणतो, मेटल डिटेक्टर घेऊ. ऑनलाइन पाच हजारांपासून साठ हजारांपर्यंत यंत्रे दिसतात. त्यातले कोणते घ्यावे?

उत्तर : किंमत बाजूला ठेवून आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक म्हणजे शोधायची वस्तू कोणती, आणि दुसरी म्हणजे ती कोणत्या मातीत पडली आहे. आपल्या बाबतीत या दोन्ही गोष्टी यंत्राला अडचणीत आणणाऱ्या आहेत, म्हणून थोडे मुळापासून सांगतो.

यंत्राच्या टोकाला ताटलीसारखी जी चकती असते, तिला कॉइल म्हणतात. तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. त्यांपैकी एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडलेला असतो, त्यामुळे खालच्या जमिनीत सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली, की तिच्या अंगात भोवऱ्यासारखे लहान प्रवाह फिरू लागतात, त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र निर्माण होते आणि ते दुसरे वेटोळे टिपते. हा प्रतिसाद किती जोरकस आहे आणि किती मागे पडून आला आहे, यावरून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवते. म्हणजे यंत्राला सोने ओळखता येत नाही, त्या वस्तूत प्रवाह किती सहज फिरला एवढेच कळते.

आता नथ डोळ्यांसमोर आणा. तिच्यातले मोती यंत्राच्या दृष्टीने नसल्यातच जमा आहेत. उरली सोन्याची बारीक तार, आणि तिचा फासा उघडा असेल तर प्रवाहाला पुरता फेरा घेता येत नाही. त्यामुळे तेवढ्याच सोन्याची अखंड अंगठी जिथे ठणठणीत वाजेल, तिथे नथ जेमतेम कुजबुजते. (मंगळसूत्राचेही असेच होते. वाट्या वाजतात, पण बारीक कड्यांची साखळी जवळजवळ मुकी राहते, कारण यंत्राला प्रत्येक कडी सुटी दिसते.)

दुसरी अडचण जांभ्याची. आपल्याकडची तांबडी माती लोहाच्या ऑक्साइडांनी भरलेली असते आणि तीही यंत्राला प्रतिसाद देते. जिथे वर्षानुवर्षे राब भाजला आहे किंवा परसातली चूल पेटत आली आहे, तिथे तर उष्णतेने त्या ऑक्साइडांचे रूप बदलून माती आणखी चुंबकीय झालेली असते. अशा जमिनीवर साधे यंत्र काही नसताना कुरकुरते आणि काही असताना गप्प बसते.

म्हणून आपल्या भागासाठी यंत्र घेताना एकच प्रश्न आग्रहाने विचारावा, तो म्हणजे ग्राउंड बॅलन्स हाताने लावता येतो का? मातीचा स्वतःचा आवाज वजा करण्याची ही सोय आहे. गॅरेट कंपनीचे एस ३००आय हे यंत्र हलके, सुटसुटीत आणि नवख्यांच्या पसंतीचे आहे, पण त्यातला ग्राउंड बॅलन्स कारखान्यातच ठरवून दिलेला असल्याने जांभ्याच्या जमिनीसाठी मी ते सुचवणार नाही. नोक्टा कंपनीच्या सिम्प्लेक्समध्ये ही सोय हाताशी असते. मायनलॅबच्या व्हॅन्क्विश मालिकेत ती हाताने करता येत नाही, पण ती यंत्रे एकाच वेळी अनेक वारंवारतांवर काम करतात आणि त्यामुळे अवघड माती किंवा समुद्रकाठची ओली खारी वाळू बऱ्यापैकी सांभाळून घेतात. कॉइल डबल-डी प्रकारची (आतली दोन वेटोळी इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची) असावी. खोलीच्या जाहिरातींकडे लक्ष देऊ नये. नवख्याच्या यंत्राला नाण्याएवढी वस्तू साधारण १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत कळली तरी पुष्कळ झाले, आणि नथ त्याच्या निम्म्यावरही मिळेलच असे नाही.

तरीही स्पष्ट सांगायचे, तर एका नथीसाठी यंत्र विकत घेऊ नये. कोणाकडून तरी दोन दिवसांसाठी मागून आणावे. घरातली दुसरी नथ लाकडी पाटावर ठेवून कॉइल तिच्यावरून फिरवावी आणि किती अंतरावर आवाज बंद होतो ते पाहावे. तेच आपल्या शोधाचे खरे माप. मग संशयाच्या जागेवर सुतळीने चौकोन आखून वरची दोन बोटे माती काढावी, ताडपत्रीवर पातळ पसरावी आणि तिच्यावरून कॉइल हळू फिरवावी. माती उचलायला घमेले प्लास्टिकचे घ्यावे. लोखंडी घमेले ताडपत्रीजवळ असेल, तर दिवसभर त्याचाच आवाज ऐकत बसावे लागेल.

फलटणहून एक वाचक लिहितात : यंत्र घेतले. स्वतःच्या शेतात तासाभरात तीस खड्डे खणले. खिळे, नांगराचे तुकडे, बाटल्यांची झाकणे आणि चांदीसारखा चुरगळलेला कागद निघाला. यंत्र सतत वाजते. बदलून घ्यावे का?

उत्तर : यंत्र बदलू नये. पहिले पंधरा दिवस शेतातही नेऊ नये.

अंगणात दोन बाय दोन मीटरचा तुकडा निवडावा आणि त्यात आधीपासून काही पुरलेले नाही याची यंत्रानेच खात्री करून घ्यावी. मग हातभर अंतरावर एकेक वस्तू पुरावी : गंजका खिळा, बाटलीचे झाकण, गोळ्यांच्या पाकिटाची चुरगळलेली पन्नी, जुने ॲल्युमिनियमचे दहा पैसे, चांदीचे जोडवे, तांब्याची पळी. प्रत्येक वस्तू चार बोटे खोल असावी आणि कुठे काय आहे ते वहीत टिपून ठेवावे. रोज अर्धा तास, शक्यतो हेडफोन लावून, त्यांच्यावरून कॉइल फिरवावी. पडद्यावरचा आकडा पाहण्याचा मोह होतो, पण आधी कानाने ओळखावे आणि मग पडद्याशी ताडून पाहावे. पहिल्या आठवड्यात सगळे आवाज सारखेच वाटतात. पुढे खिळ्याचा तुटका, खरखरीत आवाज आणि जोडव्याचा गोल, दोन्ही बाजूंनी सारखा येणारा आवाज आपोआप वेगळे पडू लागतात.

फिरवण्याची पद्धत बहुतेकांची चुकते. अंगण झाडताना खराटा जसा शेवटी वर उचलला जातो, तशी कॉइल टोकाला उचलली जाते आणि नेमक्या त्याच जागी वस्तू सुटते. कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, पूर्ण समांतर राहिली पाहिजे. डावीकडून उजवीकडे जायला दोन-अडीच सेकंद लागावेत आणि पुढचा फेरा आधीच्या फेऱ्याच्या निम्म्या पट्ट्यावरून जावा. आवाज आला, की त्याच जागी काटकोनात वळून पुन्हा फिरवावे. एका दिशेने वाजते आणि दुसऱ्या दिशेने विरून जाते, तो बहुधा खिळा. दोन्ही दिशांनी सारखे वाजले, तर दोन रेघा जिथे छेदतात तिथे खणावे. बाटलीचे झाकण मात्र पक्का भामटा आहे. ते लोखंडाचे असूनही चपट्या आकारामुळे पडद्यावर भारी आकडा दाखवते आणि जाणत्यालाही खणायला लावते.

संवेदनशीलता सर्वात वरच्या पातळीवर ठेवल्याने यंत्र नेहमीच जास्त खोल पाहते, हा गैरसमज आहे. यंत्र बडबडू लागले, तर ती दोन पायऱ्या खाली आणावी. विहिरीवरची मोटार, झटक्याचे कुंपण, वरून गेलेली वीजवाहिनी आणि खिशातला मोबाइल ही बडबडीची नेहमीची कारणे आहेत. माझे स्वतःचे दोन संध्याकाळचे श्रम बुटांनी खाल्ले. प्रत्येक फेऱ्यात उजव्या टोकाला आवाज येई आणि मी मातीला दोष देत असे. बूट कारखान्यात वापरायचे, पुढे पोलादी टोपी असलेले होते, हे तिसऱ्या दिवशी चपला घालून गेल्यावर कळले. मोठ्यांच्याही बाबतीत असे घडले आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावरचे उपकरण नेले होते, तेव्हा गादीखालच्या पोलादी स्प्रिंगांनी त्या प्रयोगात घोळ घातला.

आणखी एक सावधगिरी. पन्नी नको म्हणून डिस्क्रिमिनेशनने (ठरावीक आकड्यांचे आवाज गाळण्याच्या सोयीने) आकड्यांची ती पट्टी बंद कराल, तर सोन्याची बारीक अंगठीही त्याच पट्टीत बोलते, तीही बंद होईल. सुरुवातीला फक्त लोखंड गाळावे आणि बाकीचे खणावे. तीस खड्ड्यांची निराशा होते हे खरे, पण आपला कान त्या खड्ड्यांतच तयार होत असतो.

लेस्टरशायर, इंग्लंडमधून एक वाचक लिहितात : बारा वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला डिटेक्टर द्यायचा आहे. येथे बागेत, शेतात, कुठेही चालते का?

उत्तर : तिकडे हा प्रतिष्ठित छंद असला, तरी कुठेही चालत नाही. प्रत्येक जमिनीला मालक असतो, आणि त्याची परवानगी लागते. ती लेखी घ्यावी आणि सापडलेल्या वस्तूची वाटणी कशी होणार हेही त्यातच लिहून घ्यावे. सार्वजनिक उद्यानासाठी कौन्सिलला विचारावे लागते. संरक्षित स्मारकाच्या जागेत विनापरवाना यंत्र चालवणे १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे.

१९९६ चा ट्रेझर ॲक्ट मुलीलाही समजावून द्यावा. ३०० वर्षांहून जुनी आणि वजनात किमान १० टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू, किंवा तितकीच जुनी सोन्या-चांदीची दोन वा अधिक नाणी एकत्र सापडली, तर १४ दिवसांत कॉरोनरला (अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला) कळवावे लागते. प्रत्यक्षात आपल्या काउंटीच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरकडे (सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) गेले, की तो पुढची वाट दाखवतो. कायद्याच्या व्याख्येत न बसणाऱ्या बकली, गुंड्या, सुटी नाणीही तो नोंदवून घेतो, आणि मुलांना त्यातच जास्त गंमत वाटते. स्कॉटलंडचे नियम वेगळे आणि अधिक कडक आहेत, सुट्टीत तिकडे गेलात तर लक्षात असू द्यावे.

मुलीला सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये सफकमधल्या हॉक्स्नी गावी एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधून देण्यासाठी एरिक लॉज हे गृहस्थ आपला डिटेक्टर घेऊन शेतात गेले आणि त्यांना रोमन काळातील सोन्या-चांदीची नाणी लागू लागली. थोडी निघताच त्यांनी खणणे थांबवून अधिकाऱ्यांना कळवले. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांना तो ठेवा जागच्या जागी, पेटीत वस्तू कशा रचल्या होत्या त्याच्या खुणांसह उकलता आला. सुमारे १५,००० नाणी निघाली. हातोडाही सापडला आणि तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

यंत्र मात्र हलके द्यावे. बारा वर्षांच्या हाताला सव्वा किलोचे वजन अर्ध्या तासात जड होते आणि दांडा तिच्या उंचीला आखडता येत नसेल, तर कॉइल सपाट राहणारच नाही.

सातारा जिल्ह्यातून एक वाचक विचारतात : वीस फूट खोल असलेले सोने लांबूनच दाखवणारे, दोन दांड्यांचे यंत्र एक जण विकत आहे. आमच्या गावाजवळ गड आहे. घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये आणि गडाजवळ कोणतेही यंत्र घेऊन जाऊ नये.

हातात धरलेल्या मुठीवर फिरणारी दांडी मनगटाच्या नकळत झालेल्या हालचालीने फिरते, त्यात शोधण्यासारखे काही नसते. इराकमधल्या तपासणी नाक्यांसाठी बॉम्बशोधक म्हणून अशीच दांडीची उपकरणे विकली गेली होती. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या एका गमतीच्या खेळण्यातून ती जन्मली होती. विकणाऱ्याला २०१३ साली ब्रिटनमध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे अशा दांडीबरोबर बहुधा एखादा मांत्रिकही येतो. गुप्तधनाच्या नावाखाली केली जाणारी अघोरी कृत्ये महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवली आहेत.

गडाचे म्हणाल, तर संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणे हा गुन्हा आहेच, पण नुकसान त्याहून मोठे आहे. मार्च २०२५ मध्ये एका ऐतिहासिक चित्रपटानंतर बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात लोक रात्री डिटेक्टर आणि बॅटऱ्या घेऊन शेते खणत होते. नाणे कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडले होते, ही माहिती अशा खड्ड्यात कायमची जाते, आणि नाण्याच्या धातूपेक्षा तीच मोलाची असते.

स्वतःच्या शेतात कायदेशीर काम करताना जुना ठेवा लागला, तर १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. ठेवा कसला व किती, कोठे सापडला आणि कोणत्या तारखेला, एवढे त्या अर्जात हवे. न कळवल्यास सापडणाऱ्याचा ठेव्यातला वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अर्ज जाईपर्यंत वस्तू घासू-पुसू नये, चिंचेने तर मुळीच उजळवू नये, आणि खड्डा होता तसाच झाकून ठेवावा.