डोक्याला हलका करंट दिल्याने अभ्यास सुधारतो का?

ताई, तुमच्या मुलाने सीएच्या परीक्षेसाठी डोक्याला हलका करंट देणारा हेडसेट मागवलाय आणि तो वापरू द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. परळच्या एका रुग्णालयात मी बावीस वर्षं ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढतोय. माझं उत्तर: नको. पण का नको हे त्याला पटलं पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमची भीती. हा 'शॉक' नव्हे. मनोविकारावर भूल देऊन शॉक देतात तेव्हा करंट ८०० मिलिअँपच्या घरात असतो आणि त्याने मुद्दाम फिट आणतात. हेडसेटच्या या प्रकारात, म्हणजे टीडीसीएसमध्ये, १ ते २ मिलिअँप असतो, वीसेक मिनिटं. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बांधतात. एवढ्याने मेंदूची पेशी थेट चेतत नाही. धन टोकाखाली ती चेतायला थोडी जास्त तयार होते, ऋण टोकाखाली थोडी कमी. जर्मनीत नित्शे आणि पाउलुस या संशोधकांनी २००० साली हे मेंदूच्या हात हलवणाऱ्या भागावर मोजून दाखवलं.

पण हाताचा स्नायू किती उडतो ते मोजणं वेगळं आणि ताळेबंद डोक्यात राहणं वेगळं. २०१५ मध्ये हॉरवथ आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांवरचे प्रयोग एकत्र तपासले. करंटच्या एका बैठकीने बुद्धीच्या कामात खात्रीचा फरक पडतो असं त्यांना आढळलं नाही. त्यावर बाकीचे संशोधक भांडले, तो भाग निराळा. मेंदूशास्त्रज्ञ बुझाकींच्या गटाने मृतदेहाच्या डोक्यावर मोजलं, तर सुमारे ७५ टक्के करंट डोक्याची कातडी आणि कवटीतच अडतो. करंट वाढवला की गुणही वाढतो, असंही नाही. २ मिलिअँपला ऋण टोकाचा परिणाम उलटा झाल्याचं २०१३ च्या एका प्रयोगात दिसलंय.

मुलाला एकच गोष्ट सांगायची तर ही सांगा. त्याच वर्षी युकुलानो आणि कोहेन कादोश यांनी लोकांना नवीन, बनावट अंक शिकवले. डोक्याच्या मागच्या-वरच्या भागाला करंट दिलेले लवकर शिकले, पण शिकलेलं आपसूक वापरताना मागे पडले. कपाळामागच्या भागाला दिलेल्यांचं नेमकं उलट झालं. सीएच्या पेपरात शिकणंही लागतं आणि झटपट वापरणंही. यातलं काय घालवायचं ते त्याने ठरवायचं का?

आता धोक्याचं. २०१६ च्या एका आढाव्यात ३३ हजारांहून जास्त बैठकांमध्ये गंभीर इजा सापडली नाही. खाज, मुंग्या, लाली, डोकेदुखी, एवढंच. मात्र त्या बैठका नियम पाळून झालेल्या होत्या. कोणी घरी सहा महिने रोज लावून बसलं तर काय, हे त्यातून कळत नाही.

माझ्या भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून वायरी, क्लिपा आणून ९ व्होल्टच्या बॅटरीवर स्वतःच जोडणी केली. स्पंजाऐवजी रुपयाएवढ्या पत्र्याच्या चकत्या, खाली ओला कापूस. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा भुवईच्या वर गोल, तपकिरी, कडा उचललेला डाग होता. हात लावू देत नव्हता. कारण साधं आहे: स्पंज ३५ चौरस सेंटिमीटरचा, चकती जेमतेम पावणेचारची, म्हणजे तोच करंट नऊपट दाटीने कातडीत घुसतो. शिवाय नुसती बॅटरी करंट बांधून ठेवत नाही. वाटेतला रोध २ हजार ओहमवर आला की साडेचार मिलिअँप जातो. चांगलं यंत्र करंट हळूहळू चढवतं, हळूहळू उतरवतं आणि स्पंज सुकला की बंद पडतं. भाच्याचा डाग अजून पूर्ण गेलेला नाही.

मुलाला कधी फिट आली असेल, डोक्यात धातू असेल किंवा नैराश्याची गोळी चालू असेल, तर हेडसेट आजच कपाटात कुलूप लावून ठेवा. अशा गोळ्यांनी करंटचा परिणाम बदलतो. तसं काही नसेल तर रात्री किती वाजता झोपतो ते विचारून इथे लिहा, आणि खोक्यावर किती मिलिअँप, किती मिनिटं छापलंय तेही. मी बघून सांगतो.