नाव काढलं म्हणजे ‘निनावी’?

प्रश्न असा आहे: लोकांच्या ये-जा करण्याच्या नोंदी नावं आणि नंबर काढून संशोधकांना देतात, त्यांना मराठीत ‘निनावी’ म्हणावं, ‘अनामिक’ म्हणावं की ‘अनामीकृत विदा’ (विदा म्हणजे डेटा)?

‘अनामीकृत’ परिपत्रकाबाहेर कुणाच्या तोंडी बसणार नाही. ‘अनामिक’ म्हटलं की पाठोपाठ हुरहूर येते आणि ‘बेनामी’ म्हटलं की दुसऱ्याच्या नावावर घेतलेली जमीन. उरला ‘निनावी’. शब्द सोपा, ‘निनावी पत्रा’मुळे सगळ्यांच्या ओळखीचा. पण पाठवणारा कोण ते कळणारच नाही, अशी हमीही त्यात आपसूक येते, आणि इथे माझी हरकत आहे.

न्यूयॉर्कमधल्या टॅक्सींच्या २०१३ सालच्या सुमारे १७ कोटी फेऱ्यांच्या नोंदी माहिती अधिकाराच्या अर्जावर दिल्या गेल्या आणि २०१४मध्ये खुल्या झाल्या. प्रवाशांची नावं त्यांत मुळातच नव्हती. टॅक्सीचा आणि चालकाचा परवाना क्रमांक एमडी५ या संगणकी पद्धतीने लांबलचक अगम्य अक्षरांत बदलला होता; तोच क्रमांक दिला की दर वेळी तीच अक्षरं येतात. गोम अशी, की तिथल्या क्रमांकांचे साचे ठरलेले आहेत. शक्य असलेले सगळे क्रमांक मिळून दोन-अडीच कोटी, म्हणजे संगणकाला किरकोळ काम. एका प्रोग्रामरने ते सगळे त्याच पद्धतीतून काढून यादीशी ताडून पाहिले आणि मूळ क्रमांक परत मिळवले. मग आणखी एकाने टॅक्सीत चढणाऱ्या नामांकितांचे प्रसिद्ध झालेले फोटो शोधले. फोटोत टॅक्सीचा क्रमांक दिसत होता. वेळ आणि जागा जुळवली की स्वारी कुठे उतरली, भाडं किती झालं, टीप किती नोंदली गेली, सगळं बाहेर.

मोबाइलचंही तेच. २०१३च्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी पाहिल्या. कोण कुठल्या तासाला कुठल्या टॉवरजवळ होतं, अशा फक्त चार नोंदी ९५ टक्के लोकांना गर्दीतून वेगळं काढायला पुरल्या.

म्हणून नावाच्या जागी सांकेतिक क्रमांक असेल तर मी ‘टोपणनावी’ म्हणेन. मासिकात टोपणनावाने लिहिणाऱ्याला संपादक ओळखतोच. तीच सही चार कवितांखाली दिसली की वाचकही ओळखू लागतात. नुसता नावाचा रकाना उडवला असेल तर ‘नाव काढलेली’. ‘ओळख पुसलेली’ हे मात्र माणसाचा माग खरोखरच काढता येत नसेल तेव्हाच म्हणावं.

असल्या नोंदी संशोधकांना देऊच नयेत, असं मी म्हणत नाही. केनियात २००८-०९मधल्या जवळपास दीड कोटी फोनच्या नोंदींवरून हिवतापाचे जंतू माणसांबरोबर कुठून कुठे जातात ते शोधलं गेलं. व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर हे त्यांचं एक मोठं उगमस्थान निघालं. असा नकाशा मांडायला अमक्या भागातून तमक्या भागात किती जण गेले, एवढे ‘एकत्रित आकडे’ बाहेर दिले तरी पुष्कळ काम होतं. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संशोधनाला सवलत आहे, पण त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची, या अटींवर.

‘मोबिलिटी’ला ‘गतिशीलता’ नको, भौतिकशास्त्राचा तास वाटतो, ‘ये-जा’ पुरे. अहवालात असं लिहिता येईल: ‘प्रवाशांच्या ये-जा करण्याच्या नोंदी टोपणनावी स्वरूपात मिळाल्या; प्रसिद्ध करताना केवळ एकत्रित आकडे दिले आहेत.’