दुपारी उचलणारे छप्पर

प्रश्न : आमच्या गोदामावर तीन वर्षांपूर्वी ५० मिलिमीटर जाडीची, गडद निळी पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले तक्ते) बसवली. प्रत्येक पॅनेल ६ मीटर लांब असून खाली दर २ मीटरवर पर्लिन (छपराला आधार देणारी आडवी तुळई) आहे. उन्हाळ्यात भर दुपारी छपरातून टकटक आवाज येतात आणि पॅनेल वर उचललेली दिसतात; रात्री ती पुन्हा बसतात. यंदा मात्र एका जागी तळहाताएवढा फुगवटा कायम राहिला आणि मधल्या पर्लिनवर वरच्या पत्र्याला आडवी सुरकुती पडली. आतला फोम वितळला असेल काय? (एक वाचक, अकोला)

उत्तर : फोम वितळलेला नाही. पफमधला कडक पॉलियुरेथेन फोम थर्माकोलसारखा वितळत नाही. तापेल तसा तो मऊ पडत जातो. आपल्या छपराचे दुखणे खरे तर त्याच्या गुणातूनच आले आहे. फोम उष्णता खाली उतरू देत नाही, त्यामुळे ती वरच्या पत्र्यातच साठते. युरोपातील ईएन १४५०९ या मानकात छपराच्या गडद पत्र्यासाठी ८० अंश सेल्सिअस, तर अगदी फिक्या पत्र्यासाठी ५५ अंश तापमान धरून हिशेब करतात.

वरचा पत्रा खालच्यापेक्षा ४० अंशांनी जास्त तापला, तर ६ मीटरमागे तो जेमतेम ३ मिलिमीटर जास्त लांबतो. फरक क्षुल्लक वाटतो, पण दोन्ही पत्रे फोमला चिकटलेले असल्यामुळे, फक्त दोन टोकांवर टेकवलेले असे पॅनेल मध्यभागी सुमारे ४३ मिलिमीटर, म्हणजे चांगले अडीच बोटे, वर उचलले जाईल. आपल्याकडे मधल्या पर्लिनवरचे स्क्रू त्याला खाली ओढून धरतात आणि नेमक्या तिथेच वरच्या पत्र्यावर दाब येतो. दाबाखालचा पातळ पत्रा सरळ ठेवण्याचे काम फोमचे असते. त्याची ताठरता निम्म्यावर आली, तर सुरकुती पडण्याआधी पत्रा सोसू शकेल तो दाब साधारण ६३ टक्क्यांवर उतरतो. दाब वाढलेला आणि आधार नरमलेला, अशी ही दुपारची वेळ असते.

रात्री बसणाऱ्या उचलीची आणि त्या आवाजांची काळजी नको. फुगवट्याचे तसे नाही : तिथे पत्रा फोमपासून सुटला आहे आणि मधली हवा तापून त्याला आणखी उचलते आहे. माठ घेताना वाजवून पाहतो, तसे सकाळी फुगवट्याभोवती नाण्याने ठोकून पाहा. भरीव आवाजाच्या जागी पत्र्याचा सुटा आवाज येतो तिथवर खडूने रेघ ओढा आणि महिन्याभराने पुन्हा तपासा. हवा काढण्यासाठी भोक मात्र पाडू नका, पावसाचे पाणी आत शिरेल.

सुरकुती पडलेले पॅनेल बदलावे, कारण त्या जागी पत्र्याची दाब पेलण्याची ताकद गेलेली असते. उरलेल्या छपरावर उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग द्यावा. माझ्या मते खर्चाच्या मानाने याइतका गुणकारी उपाय दुसरा नाही. रंगारी सकाळी लवकर चढवावेत आणि ऊन चढण्याआधी उतरवावेत, कारण माणसाच्या वजनाने पडणारा दाबही त्याच वरच्या पत्र्यावर येतो.