व्यवस्थापन आणि अध्यात्म या विषयावर परदेशी अभ्यासकांबरोबर संयुक्त संशोधन कसे सुरू करावे?

सुरुवात सामंजस्य करारापासून करू नये. असे बरेच करार छायाचित्रापुरतेच उरतात. अमेरिकेतील अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट या संस्थेत याच विषयाचा स्वतंत्र गट आहे. तिचे वार्षिक अधिवेशन साधारण ऑगस्टच्या सुमारास भरते आणि निबंध जानेवारीतच मागवले जातात, त्यामुळे दोन-तीन देशांतील अभ्यासकांनी मिळून परिसंवादाचा प्रस्ताव पाठवणे ही ओळख वाढवण्याची चांगली वाट आहे. पत्र लिहिताना नुसती इच्छा व्यक्त न करता, आपल्याकडे कोणती सामग्री आहे ते नेमके सांगावे. उदाहरणार्थ, आषाढी वारीत विणेकरी, चोपदार आणि दिंडीचालक यांच्यात जबाबदाऱ्या कशा वाटल्या जातात, याची प्रत्यक्ष निरीक्षणे परदेशी अभ्यासकाला सहजी मिळत नाहीत. प्रश्नावली वापरायची असल्यास, कामाच्या ठिकाणचे अध्यात्म मोजणारी अ‍ॅशमॉस आणि ड्युशॉन यांची २००० सालची मापनपट्टी अमेरिकी रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांवर तपासलेली आहे हे ध्यानात ठेवावे, कारण ज्या देशांची तुलना करायची त्यांतील उत्तरांची घटकरचना (कोणते प्रश्न एकाच गटात पडतात ती मांडणी) सारखी आहे का, हे पाहिल्याशिवाय सरासरींची तुलना निरर्थक ठरते. लेखकांचा क्रम आणि सामग्रीची मालकी मात्र आधीच लेखी ठरवावी. निधीसाठी केंद्र सरकारची २०१८ मध्ये सुरू झालेली स्पार्क योजना पाहावी.