पोलंडमधल्या सांदोमिएश या गावाचा इतिहास वाचायला घेतोयस ना?

मग १२८६ हे साल जरा बाजूला ठेव. नवखा माणूस हमखास तिथेच फसतो, मीही फसलो होतो. त्या साली लेशेक चार्नी या ड्यूकने गावाला माग्देबुर्ग कायद्याची, म्हणजे जर्मन धर्तीच्या नगर-कारभाराची, सनद दिली; पण तेवढ्यावरून ती गावाची जन्मतारीख ठरत नाही. बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा इतिहासकार गाल्लुस अनोनिमुस क्राकुफ आणि व्रोत्सवाफ या शहरांच्या जोडीने सांदोमिएशचं नाव घेतो. मग पुन्हा सनद कशाला? कारण मंगोलांनी १२४१ला आणि पुढे १२६०च्या सुमारास गाव लुटलं, जाळलं. घडी नव्याने बसवणं भाग होतं.

ती घडी आजही डोळ्यांना दिसते. नकाशा उघड आणि मधला चौक बघ: उतारावरचा चौकोन, मधोमध नगरभवन, कोपऱ्यांतून फुटणाऱ्या गल्ल्या. चौकाखाली व्यापाऱ्यांची तळघरं आहेत. व्हिस्टुला नदीवरचा व्यापार किती मोठा होता, ते राजांच्या याद्यांपेक्षा ही तळघरंच चांगलं सांगतात. वंशावळी पाठ करत बसू नकोस, कंटाळशील.

किल्ल्याचं थोडक्यात: १६५६मध्ये स्वीडिश सैन्याने तो सुरुंग लावून उडवला, उरली ती पश्चिमेकडची बाजू.

आणि कॅथेड्रलमधली अठराव्या शतकातली चित्रं टाळू नकोस. त्यांतल्या एकात ज्यूंवर बालहत्येचा धादांत खोटा आळ रंगवलाय. पर्यटनाच्या पुस्तिका तिथून पटकन पुढे सरकतात. तू मात्र थांब, आणि जवळच्या जुन्या सिनेगॉगचाही (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचाही) इतिहास त्यासोबतच वाच.