नुसतं ‘रक्त’ म्हटलं तरी भोवळ

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. रक्ताभिसरणाचा धडा चालू असताना वर्गात दोनदा कोसळला. घरी कुणी ‘टाके’ किंवा ‘नस कापली’ म्हटलं तरी पांढराफटक पडतो. त्याचे बाबा म्हणतात, नाटकं आहेत. सासूबाई कांदा हुंगवतात. काय करावं? – एक आई, महाल, नागपूर

उत्तर : ताई, हे नाटक नाही. साप दिसला की छातीचे ठोके आणि रक्तदाब वाढतात, म्हणून माणूस पळतो. रक्त, जखम, सुई यांच्या भीतीत ते आधी थोडे वाढतात आणि मग धाडकन उतरतात. मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडतं नि शुद्ध हरपते. त्यासाठी रक्त दिसायलाच हवं असं नाही. शब्दाने डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं तरी पुरतं. हे बऱ्याचदा घराण्यात असतं. त्याच्या बाबांनाच एकदा विचारून बघा!

चक्कर सांगून येते : जांभया, मळमळ, थंड घाम, कानात गुंई, डोळ्यांपुढे अंधारी. तेवढ्यात दोन्ही मुठी, दंड, पोट आणि मांड्या कडक आवळायच्या, चेहरा गरम वाटेपर्यंत, म्हणजे 10 ते 15 सेकंद. श्वास मात्र रोखायचा नाही. मग ताण नेहमीइतका होऊ द्यायचा. अंग अगदी लुळं सोडलं की दाब पुन्हा उतरतो. 20-30 सेकंदांनी परत. असं पाच वेळा. आधी आठवडाभर घरी बसून रोज सराव करू द्या, ऐनवेळी नवी गोष्ट जमत नाही. ‘दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड’ हा सल्ला एरवी चांगला, इथे उलटा पडतो.

हे जमलं की शब्दांकडे वळा. तो शब्द त्याने स्वतः कागदावर लिहायचा, मग मोठ्याने वाचायचा, मग पुस्तकातली आकृती, शेवटी धडा. भीती निम्म्यावर आल्याशिवाय पुढची पायरी नको. गंमत म्हणून भावंडांनी मुद्दाम ‘रक्त, रक्त’ ओरडणं बंद.

पारा 45 वर जातो त्या दिवसांत अंगातलं पाणी कमी होऊन हाच त्रास वाढतो. उपाशीपोटी पाठवू नका. इंजेक्शनआधी दहा-पंधरा मिनिटं दोन पेले पाणी द्या. सुई आडवं झोपवूनच टोचायला सांगा, आणि तो हात सैल ठेवून बाकीचं अंग आवळू द्या.

पडलाच तर सपाट झोपवा, पाय दप्तरावर उंच ठेवा. खुर्चीत बसवून धरून ठेवणं सगळ्यांत वाईट. कांदा भाजीत बरा. शुद्ध आल्यावरही दहा मिनिटं उठवू नका.

मात्र धावताना किंवा आडवं असताना शुद्ध गेली, आधी छातीत धडधड झाली, जीभ चावली गेली, नंतर बराच वेळ भान नव्हतं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. तसं काही नसलं तरी एकदा ईसीजी आणि रक्तदाबाची तपासणी, झोपून आणि उभं राहून, करून घ्या.